परवलीचा शब्द आणि खालचा मजला

मराठीत पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ असा एक मुरलेला प्रतिशब्द आहे. बहुतेकांना तो ऐतिहासिक कादंबऱ्यांमधून भेटलेला असतो. रात्रीची वेळ, गडाचा दरवाजा, मशालीच्या उजेडात ‘कोण आहे?’ असं दरडावणारा पहारेकरी, आणि अंधारातून आलेला एक शब्द. शब्द बरोबर असेल तर दिंडी उघडते, नसेल तर भाला पुढे येतो.

ही पद्धत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या इतिहासकाराने रोमन छावणीतली रीत लिहून ठेवली आहे. सूर्यास्ताच्या वेळी त्या रात्रीचा शब्द लिहिलेली लाकडी पाटी एका माणसाच्या हाती दिली जायची. ती तुकडी-तुकडीतून फिरत जायची आणि अंधार पडायच्या आत वरिष्ठांकडे परत यायची. पाटी परत आली म्हणजे शब्द सगळ्यांपर्यंत पोचला.

या रीतीतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, शब्द सगळ्यांचा मिळून एकच असायचा. दोन, तो एका रात्रीपुरता असायचा. त्यामुळे तो फुटायची भीती होती, पण विसरायची फारशी नव्हती. एखादा शिपाई विसरलाच तर शेजारचा सांगू शकत होता, आणि दुसऱ्या दिवशी नवा शब्द येणारच होता. संगणकाने ही कल्पना उचलली आणि या दोन्ही गोष्टी उलट्या केल्या. शब्द ज्याचा त्याचा झाला आणि मुक्कामाला राहिला. तेव्हापासून शब्द विसरणं हा एक नवाच प्रश्न तयार झाला. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे शब्द ठाऊक असलेला एकुलता एक माणूसच हयात नसणं.

‘मग पासवर्ड ठेवला कशाला?’

दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक प्रकरण आलं. तालुक्याच्या गावातलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय. पुस्तकांची सूची, सभासदांच्या नोंदी, देवघेव, सगळं एका व्हर्च्युअल मशीनमध्ये होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. बाहेरचा खरा, हात लावता येतो असा. आतला नुसता सॉफ्टवेअरचा, पण त्याला स्वतःला ते माहीत नसतं. आमच्या धंद्यात बाहेरच्याला होस्ट म्हणतात आणि आतल्याला गेस्ट, म्हणजे यजमान आणि पाहुणा. वाचनालयाच्याच एका सभासदाने, निवृत्त गणित शिक्षकांनी, हौसेने शिकून हे सगळं उभं केलं होतं. यजमान विंडोजचा, पाहुणा लिनक्सचा. खर्च शून्य.

सर वारले. त्यानंतरही यंत्र बरेच महिने बिनतक्रार चालत राहिलं. मग एका पावसाळ्यात वीज गेली, संगणक बंद पडला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पडद्यावर फक्त दोन ओळी आल्या : नाव आणि पासवर्ड. कार्डांचे जुने लाकडी खण तोपर्यंत रद्दीत गेले होते. म्हणजे पुस्तकं कपाटात होती, पण कुठलं पुस्तक कुठे आणि कुणाकडे, ते फक्त त्या दोन ओळींच्या पलीकडे होतं.

मी आधी कार्यकारी मंडळाचा लेखी ठराव मागून घेतला. दुसऱ्याचं कुलूप उघडायचं तर घरमालकाची परवानगी कागदावर हवी. मग पाहुण्याच्या डिस्कची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढून ठेवली आणि कामाला लागलो. प्रत काढायला लागला त्याहून कमी वेळ दार उघडायला लागला. ग्रंथपालकाका शेजारी खुर्ची टाकून सगळं बघत होते. सूची पडद्यावर आली तेव्हा त्यांना आनंद झाला, पण चेहऱ्यावर थोडी नाराजीही दिसली. ते म्हणाले, “अरे, बाहेरून येऊन कुणीही असं पंधरा मिनिटांत उघडू शकत असेल, तर मग सरांनी पासवर्ड ठेवला कशाला?”

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर साठ वर्षं मागे जावं लागतं, कारण संगणकाचा पासवर्ड जन्माला आला तेव्हा तो दार बंद करण्यासाठी नव्हताच.

वेळेची वाटणी

१९६१च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली पहिल्यांदा चालवून दाखवली. तोपर्यंत संगणक वापरायचा म्हणजे पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि निकालासाठी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी यायचं. सीटीएसएसने एकाच यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर बसवलं. यंत्र प्रचंड महाग होतं, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला मोजून वेळ येई. कुणी किती वापरला याचा हिशेब ठेवायचा तर समोर बसलेला कोण हे कळायला हवं, आणि एकाच्या फायली दुसऱ्याने उघडू नयेत हेही बघायला हवं. त्यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणून पासवर्ड आला. थोडक्यात, हे रेशनकार्ड होतं.

आणि रेशन जिथे अपुरं, तिथे वाट काढणारा माणूस असतोच. ॲलन शेर हे तिथे पीएचडीचं काम करत होते. त्यांना आठवड्याला चार तास मिळत, आणि ते त्यांच्या प्रयोगांना पुरत नसत. त्यांनीच पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे ही १९६२च्या वसंतातली गोष्ट. एखादी फाइल छापून हवी असेल तर खातेक्रमांक आणि फाइलचं नाव असलेलं पंचकार्ड टाकायची सोय होती. शेर यांनी एका शुक्रवारी रात्री पासवर्डांच्या फाइलचंच नाव घालून कार्ड टाकलं आणि शनिवारी भल्या पहाटे जाऊन छापील यादी उचलली. सगळ्यांचे पासवर्ड, साध्या अक्षरांत. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ही कबुली कॉर्बाटोंना दिली.

शेर यांनी कुणाचाही पासवर्ड ओळखला नाही की दारावर धडका दिल्या नाहीत. दार ज्या कागदावर अवलंबून होतं तो कागद त्यांनी बाजूच्या खिडकीतून मागून घेतला.

त्याच प्रणालीत १९६६मध्ये याहून गमतीचा प्रकार झाला. प्रवेश करताना सगळ्यांना दिसणारा रोजचा निरोप एका फाइलमध्ये असे आणि पासवर्ड दुसऱ्या फाइलमध्ये. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्राम काम करताना एक तात्पुरती फाइल तयार करायचा, आणि तिचं नाव नेहमी एकच असायचं. एके दिवशी दोघांनी एकाच वेळी या दोन वेगवेगळ्या फायली उघडल्या, तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर टर्मिनलवर बसणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत सगळ्यांच्या पासवर्डांच्या यादीने झालं.

न सांगता येणारं गुपित

या दोन्ही घटनांचं मूळ एकच होतं. पहारेकऱ्याला शब्द ताडून बघता यावा म्हणून तो कुठेतरी लिहून ठेवावा लागतो, आणि लिहिलेलं कधी ना कधी वाचलं जातं. यावरचं उत्तर अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात सापडलं. तिथल्या टायटन संगणकावर काम करताना रॉजर नीडहॅम यांनी साठच्या दशकात मांडलं की पासवर्ड लिहून ठेवायची गरजच नाही. त्यावर अशी गणिती प्रक्रिया करायची की पुढे जाणं सोपं, पण उलट येणं जवळजवळ अशक्य. येणारा फळ साठवायचं. पुन्हा कुणी शब्द सांगितला की तीच प्रक्रिया करून फळ जुळतं का ते पाहायचं. दळलेल्या पिठावरून गव्हाचा दाणा पुन्हा घडवता येत नाही, तसंच हे. मॉरिस विल्क्स यांनी १९६८च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना नोंदवली आणि नीडहॅमना तिचं श्रेय दिलं. आज या फळाला आपण हॅश म्हणतो.

बेल लॅब्जमधल्या युनिक्सने हीच वाट धरली. १९७९मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी त्या अनुभवावर एक छोटा, आजही वाचनीय शोधनिबंध लिहिला. प्रत्येक पासवर्डमध्ये थोडं यादृच्छिक ‘मीठ’ मिसळायची युक्ती त्यात आहे. मिठाचे प्रकार ४०९६. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा दिसतो, आणि आधीच तयार केलेली यादी लावून सगळ्यांची कुलपं एकदम उघडता येत नाहीत. त्यांनी वापरकर्त्यांचे ३२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यांतले २८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात, नावांच्या यादीत सापडणारे. गणित पक्कं होतं, माणसं कच्ची होती.

या कच्चेपणाचा पुरावा नऊ वर्षांनी त्याच घरातून आला. २ नोव्हेंबर १९८८ला इंटरनेटवर एक ‘किडा’ सुटला आणि हजारो यंत्रं ठप्प झाली. पसरण्यासाठी तो ज्या युक्त्या वापरत होता त्यांतली एक म्हणजे पासवर्ड ओळखणं : आधी खात्याचंच नाव, मग सोबत आणलेली शब्दांची छोटी यादी, मग यंत्रावरचाच शब्दकोश. तो लिहिणारा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे १९७९च्या निबंधाच्या लेखकाचा मुलगा. युनिक्सवर तोवर हॅशची फाइल सगळ्यांना वाचता येत असे. हळूहळू ती दुसऱ्या, फक्त मुख्य प्रशासकाला दिसणाऱ्या ‘शॅडो’ फाइलमध्ये हलवली गेली. आजच्या लिनक्समध्येही ती तिथेच असते.

हॅशचा अर्थ ग्रंथपालकाकांच्या प्रश्नासाठी महत्त्वाचा आहे. सरांचा पासवर्ड त्या यंत्रात कुठेही नव्हता. होती ती एक लांबलचक निरर्थक ओळ. ती मी पाहिली, पण त्यावरून शब्द मला कळला नाही आणि कळणारही नव्हता. मी फक्त त्या ओळीच्या जागी दुसरी ओळ बसेल अशी व्यवस्था केली. सरांचा शब्द सरांबरोबरच गेला.

असे शब्द क्वचित परत येतातही. सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या युनिक्सची एक जुनी पासवर्ड फाइल पुढे संशोधकांच्या हाती लागली. त्या काळच्या दिग्गजांचे पासवर्ड आधुनिक यंत्रांपुढे भराभर पडले. केन थॉम्प्सन यांचा मात्र वर्षानुवर्षं दाद देत नव्हता. २०१९मध्ये एका ग्राफिक्स कार्डाने चारेक दिवस अखंड आकडेमोड केल्यावर तो निघाला. ती बुद्धिबळातली चाल होती : वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, जुन्या इंग्रजी पद्धतीने लिहिलेली. थॉम्प्सन यांनी जो कॉन्डन यांच्यासोबत बांधलेल्या ‘बेल’ या यंत्राने १९८०ची संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा जिंकली होती. मॉरिस यांच्यासोबत जो उपदेश त्यांनी केला होता, तो त्यांनी स्वतः बऱ्यापैकी पाळला होता असं म्हणायला हरकत नाही.

यंत्रखोलीचं दार

आता मुद्द्याचं. शब्द ओळखता येत नाही, हॅश उलटवता येत नाही, तरी वाचनालयाचं यंत्र पंधरा मिनिटांत कसं उघडलं? कारण पासवर्ड विचारणारा पहारेकरी हाही एक प्रोग्रामच असतो, आणि तो यंत्र सुरू झाल्यावर बऱ्याच उशिराने कामावर येतो.

यंत्र चालू केल्यावर आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो, तो मुख्य गाभा म्हणजे कर्नेल स्मृतीत आणतो, कर्नेल पहिली प्रक्रिया सुरू करतो, ती बाकीच्यांना उठवते, आणि त्या उठवलेल्यांमध्ये कुठेतरी ‘नाव काय, पासवर्ड काय’ विचारणारा प्रोग्राम असतो. सुरुवातीलाच कर्नेलला सांगितलं, की नेहमीची पहिली प्रक्रिया राहू दे, त्याऐवजी मला थेट आज्ञा लिहायची जागा दे, तर पहारेकरी उठतच नाही. वाचनालयात मी हेच केलं. सुरुवातीच्या मेनूत थांबलो, कर्नेलला दिल्या जाणाऱ्या सूचनांच्या ओळीत काही अक्षरं वाढवली, मुख्य डिस्क लिहिण्याजोगी करून घेतली, नवा पासवर्ड लावला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.

ही फट चुकून राहिलेली नाही, ती मुद्दाम ठेवलेली आहे. सत्तरच्या दशकात युनिक्स ज्या पीडीपी-११ यंत्रांवर चाले, त्यांच्या दर्शनी भागावर खटक्यांची रांग असायची. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत हे खटके १७३०३० या आकड्यावर लावून यंत्र सुरू केलं की ते एकट्या वापरकर्त्यासाठी उघडायचं, पासवर्ड न विचारता, पूर्ण अधिकारांसह. डिस्क बिघडली, फायली खराब झाल्या, तर दुरुस्ती करणाऱ्याला कुठून तरी आत शिरता यायला हवं. त्यामागचं गृहीतक सरळ होतं : जो माणूस यंत्रासमोर उभा राहून खटके हलवू शकतो, तो यंत्रखोलीच्या कुलपातून आत आलेला आहे. खरं कुलूप त्या खोलीला होतं. पासवर्ड होता तो दूरच्या टर्मिनलवर बसलेल्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायला.

वाचनालयात मी कळफलकावर टाइप केलेली अक्षरं म्हणजे त्या खटक्यांचीच नातवंडं. फरक इतकाच, की वाचनालयात यंत्रखोली नव्हती. ज्या यंत्राचे खटके मी हलवले, ते यंत्रच मुळात एक फाइल होतं. हे कसं झालं ते समजायला पुन्हा एमआयटीकडे जावं लागतं.

त्याच इमारतीत दुसरं उत्तर

सीटीएसएसनंतर एमआयटीने मल्टिक्स ही मोठी प्रणाली हाती घेतली, आणि १९६४मध्ये तिच्यासाठी आयबीएमऐवजी जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं. आयबीएमला हे लागलं. एमआयटीचा हा प्रकल्प मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या टेक्नॉलॉजी स्क्वेअरच्या ५४५ क्रमांकाच्या इमारतीत होता. त्याच इमारतीत आयबीएमने आपलं संशोधन केंद्र ठेवलं. तिथे रॉबर्ट क्रीझी रुजू झाले. त्यांनी आधी सीटीएसएसवर काम केलेलं होतं.

अनेक माणसांनी एक यंत्र कसं वाटून घ्यायचं, हा प्रश्न दोन्ही मजल्यांवर एकच होता. एमआयटीचं उत्तर होतं : एक मोठं घर, त्यात प्रत्येकाची खोली, दारावर नाव आणि पासवर्ड. क्रीझी यांच्या गटाचं उत्तर वेगळं होतं : खोली कशाला, प्रत्येकाला अख्खं घरच देऊ. अर्थात भासाचं. १९६७च्या सुरुवातीला त्यांची सीपी-४० ही प्रणाली कामाला लागली. एका बदल करून घेतलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ४० यंत्रावर ती एकाच वेळी १४ व्हर्च्युअल मशीन चालवायची. प्रत्येकाला वाटायचं की आपल्यासमोर पूर्ण यंत्र आहे. २ ऑगस्ट १९७२ला आयबीएमने याच वंशातली व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणल्याचं जाहीर केलं.

१९७४मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या अटी नेमक्या शब्दांत मांडल्या. त्यांतली एक अशी की यंत्राच्या सगळ्या साधनांवर पूर्ण ताबा खालच्या नियंत्रक प्रोग्रामचा असला पाहिजे. पाहुण्याला हवं ते सगळं मिळेल, पण देणारा यजमान. हे तांत्रिक विधान आहे, पण त्यात सत्तेची रचना स्पष्ट आहे. पाहुण्याच्या घरात कोण कुठल्या खोलीत जाईल ते पाहुणा ठरवेल. पण त्याच्या पायाखालची जमीन यजमानाची आहे.

मग छोटे, स्वस्त संगणक आले. ज्याला त्याला खरंच स्वतःचं यंत्र मिळू लागलं आणि भासाच्या यंत्राची कुणाला फारशी गरज राहिली नाही. कल्पना मागे पडली. ती परत आणली स्टॅनफर्डमधल्या मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. १९९७च्या ‘डिस्को’ प्रकल्पानंतर १९९८मध्ये व्हीएमवेअर कंपनी सुरू झाली आणि १९९९मध्ये तिचं पहिलं उत्पादन आलं. पोपेक आणि गोल्डबर्गच्या अटींत न बसणाऱ्या साध्या पीसीवरही आता पाहुणा ठेवता येऊ लागला. त्याची डिस्क ही यजमानाच्या डिस्कवरची एक फाइल असते. ती कॉपी करता येते, पेनड्राइव्हवर नेता येते, दुसऱ्या यंत्राला जोडून उघडता येते.

यंत्रखोलीचं दार इथे नाहीसं झालं. पूर्वी यंत्रासमोर उभं राहायला इमारत, रखवालदार आणि कुलूप ओलांडावं लागे. आता फाइल हाती असणं म्हणजेच यंत्रासमोर उभं असणं. पासवर्ड तिथल्या तिथेच राहिला, वरच्या मजल्यावर पहारा देत. त्याच्या पाठीशी असलेलं खरं कुलूप मात्र कुणाच्या फारसं लक्षात न येता निखळलं.

घरमालक

२००६च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने ईसी-२ ही सेवा खुली केली आणि व्हर्च्युअल मशीन तासाच्या भाड्याने मिळू लागली. खाली वापरलेलं सॉफ्टवेअर होतं झेन, जे इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात घडलं होतं. पासवर्ड साठवायची नीडहॅम यांची पद्धतही त्याच विद्यापीठातली. दोन वर्षांनी यंत्रापासून वेगळी काढता येणारी डिस्क आली. आज क्लाउडवरच्या यंत्राची किल्ली हरवली तर करायची गोष्ट ठरलेली आहे. यंत्र थांबवायचं, त्याची डिस्क सोडवायची, दुसऱ्या, आपल्या ताब्यातल्या यंत्राला जोडायची, तिथून हवा तो बदल करायचा आणि डिस्क परत जागेवर लावायची. मी माझ्या नोकरीत हे अनेकदा केलं आहे. त्यात थरार काही नाही. बिऱ्हाडाची किल्ली हरवल्यावर मालकाकडून दुसरी आणण्याइतकं ते नेहमीचं काम आहे.

पण याचाच दुसरा अर्थ असा, की मालकाकडे दुसरी किल्ली असते. आपल्या बँका, इस्पितळं, सरकारी नोंदी आज मोठ्या प्रमाणावर अशाच भाड्याच्या यंत्रांवर आहेत. त्या यंत्रांचे पासवर्ड कितीही लांब असोत, ते शेजारच्या भाडेकरूला आणि रस्त्यावरच्या चोराला अडवतात. खालच्या मजल्यावरच्याला ते अडवत नाहीत, आणि अडवतील असं कुणी कधी म्हटलंही नव्हतं. केन थॉम्प्सन यांनी आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं, की आपण न लिहिलेल्या पायावर उभं राहायचं तर शेवटी पाया घालणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवावाच लागतो.

तेव्हा ग्रंथपालकाकांच्या प्रश्नाचं उत्तर असं : सरांनी पासवर्ड ठेवला तो वाचनालयात येणाऱ्या-जाणाऱ्याने, चुकून किंवा खोडी म्हणून, सूचीत हात घालू नये यासाठी. ते काम त्याने चोख केलं. संगणकच उचलून नेणाऱ्याला तो अडवणार नव्हता. त्याने मलाही अडवलं नाही, आणि म्हणून सूची वाचली.

बुरूज

खालचा मजलाही बंद करता येतो. डिस्कवरचा सगळा मजकूरच कूटबद्ध करायचा. मग पहारेकरी उठो न उठो, फाइल कुणाच्या हाती लागो न लागो, किल्लीशिवाय आत निव्वळ आकड्यांचा चिखल दिसतो. २००७मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर बिटलॉकर आलं, लिनक्सवर लक्स ही पद्धत रुळली. २०१७पासून एएमडीच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरमध्ये पाहुण्याची स्मृतीच यजमानापासून कूटबद्ध ठेवायची सोय आली. पोपेक आणि गोल्डबर्ग यांच्या व्यवस्थेत यजमानाला जे सहज दिसत होतं, ते आता त्याला दिसू नये असा हा प्रयत्न आहे. भाडेकरूने मालकालाही बाहेर ठेवायचं.

इथे मला हिरकणीची गोष्ट आठवते. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत. दूध घालायला वर आलेली हिरकणी अडकली. घरी तान्हं बाळ होतं. दरवाजा उघडेना, तेव्हा ती रात्री कडा उतरून गेली. गोष्टीत पुढे महाराज तिचं कौतुक करतात आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतात. आपण लहानपणी ही आईच्या मायेची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण गडाच्या बाजूने पाहिलं तर ती सुरक्षेची तपासणीही आहे. दरवाजा मजबूत होता, नियम कडक होता, आणि तरी एक वाट उघडी होती. ज्या वाटेने हिरकणी उतरली, त्या वाटेने शत्रू चढू शकला असता. म्हणून बुरूज योग्यच होता.

फक्त, बुरूज झाल्यावर एखाद्या रात्री पुन्हा कुणी हिरकणी वर अडकली, तर तिच्यासाठी ती वाट उरलेली नाही.

कूटबद्ध डिस्कचंही तसंच आहे. बिटलॉकर सुरू करताना ४८ आकड्यांची एक किल्ली देतं आणि जपून ठेवायला सांगतं. नेहमीची किल्ली गेली आणि तीही हरवली, तर कुणाच्याही हाती काही नसतं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रोग्रामरची हकीकत २०२१मध्ये वर्तमानपत्रांत आली होती. त्याचे ७,००२ बिटकॉइन एका कूटबद्ध पेनड्राइव्हमध्ये होते, पासवर्ड लिहिलेला कागद हरवला होता, आणि दहा चुकांनंतर कायमचं बंद होणाऱ्या त्या ड्राइव्हवर त्याचे आठ प्रयत्न झाले होते. त्याच्याकडून किल्ली घेऊन उघडेल असा खालचा मजला तिथे नव्हता. कुलूप उत्तम होतं, म्हणूनच मालक बाहेर राहिला.

शेजारच्यांना अडवेल पण हरवलं तर उघडता येईल असं एक कुलूप, आणि सगळ्यांना, कदाचित आपल्यालाही, कायमचं अडवेल असं दुसरं. तिसरं मिळत नाही. मिळतं ते इतकंच, की किल्लीची दुसरी प्रत कुणाकडे ठेवायची ते आपण आधी ठरवू शकतो. रोमन छावणीत शब्द पोचल्याची खात्री करायला पाटी रोज परत मागवली जायची. आपल्या घरातल्या, संस्थांतल्या यंत्रांचे शब्द कुणाकुणापर्यंत पोचले आहेत, हे मात्र सहसा कुणी मागून बघत नाही. ते कळतं तेव्हा वीज जाऊन आलेली असते, पडद्यावर दोन ओळी असतात, आणि डिस्क कूटबद्ध आहे की नाही यावरच पुढचं सगळं ठरतं.